पहिली बंदूक, एकच गोळी

नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका बिबट्याच्या भीतीने हादरून गेला होता. कापूस वेचणीचे दिवस असूनही सुरुडी, किन्ही, पारगाव जोगेश्वरी या गावांत माणसे एकटी शेतात जाईनाशी झाली. नायगावच्या मयूर अभयारण्यापलीकडे जंगलाची फारशी ओळख नसलेल्या या जिल्ह्याला नरभक्षक हा शब्द तोपर्यंत पुस्तकातच भेटला होता. पिंजरे लागले, वनखात्याची पथके रात्री जागू लागली. पुढे हे संकट सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात सरकले आणि १८ डिसेंबर रोजी तेथे बिबट्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्या काही आठवड्यांत आष्टीच्या पारांवर जे प्रश्न विचारले गेले, ते शंभर वर्षांपूर्वी कुमाऊँ आणि गढवालच्या डोंगरांतही विचारले जात होते. गोळी कोण चालवणार? कोणत्या बंदुकीने? आणि ती चुकली तर काय? या प्रश्नांची उत्तरे ज्यांनी आयुष्यभर आपल्या खांद्यावर वागवली, ते म्हणजे जिम कॉर्बेट.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर तेथील पोस्टमास्तर होते. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा जिम जेमतेम पावणेसहा वर्षांचा होता. मोठे कुटुंब, बेताची मिळकत आणि आई मेरी जेन यांचा खंबीर आधार, अशा परिस्थितीत तो वाढला. उन्हाळ्यात नैनीताल आणि हिवाळ्यात तराईतील कालाढुंगी असा कुटुंबाचा शिरस्ता होता. कालाढुंगीच्या घरामागेच जंगल सुरू होई. बेचकी घेऊन भटकणाऱ्या या पोराला पाखरांचे आवाज, सांबराची धोक्याची हाक, ओल्या वाळूतले पंजे हे सारे वाचता येऊ लागले होते. बंदूक पुढे आली, जंगलाची ओळख त्याआधीच झाली होती. कॉर्बेट यांच्या पुढच्या आयुष्याचा उलगडा बराचसा या क्रमातच होतो.

जिमच्या हाती पहिली बंदूक आली ती वयाच्या आठव्या वर्षी. कुमाऊँच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका नातेवाइकाला त्याने पक्ष्यांचे नमुने गोळा करून दिले होते. त्याबद्दल मिळालेली ही दुनळी ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू भरायची, ती गजाने ठासायची, वर छर्रे टाकायचे आणि मग नेम धरायचा. शिवाय तिची उजवी नळी फाटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने नळ्यांना जखडलेला होता. म्हणजे दोन नळ्यांपैकी उपयोगाची एकच. एकदा बार उडाला की पुन्हा ठासेपर्यंत सावज निघून जाणार, किंवा अंगावर येणार. दारू आणि शिसे दोन्ही विकत घ्यावे लागत आणि घरात पैशांची चणचण होती. त्यामुळे खात्री होईपर्यंत चापाला बोट लावायचे नाही, ही सवय या मोडक्या बंदुकीनेच लावली. कालाढुंगीच्या परिसरातील निष्णात चोरटा शिकारी कुंवरसिंग हा त्याचा या काळातील गुरू. त्याने जिमला झाडावर चढण्यापासून रानातल्या वाटा ओळखण्यापर्यंत पुष्कळ काही शिकवले.

पहिली खरी रायफल हाती आली ती दहाव्या वर्षाच्या सुमारास. नैनीताल व्हॉलंटियर रायफल्सच्या बालतुकडीत जिम दाखल झाला. त्या तुकडीकडे .४५० बोअरच्या मार्टिनी रायफली होत्या. एका वेळी एकच काडतूस घेणारी ही रायफल इतका जोराचा दणका देई की थोरांचेही खांदे दुखावेत. मुलाची नेमबाजीतील चुणूक पाहून सार्जंट-मेजरने ती त्याला हिवाळ्यासाठी कालाढुंगीला नेऊ दिली. अट एवढीच की रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसे परत आणून द्यायची. प्रत्येक गोळीचा हिशेब द्यायचा, हा धडा इथे दुसऱ्यांदा मिळाला.

याच रायफलीने त्याने पहिला बिबट्या मारला. पहिल्या गोळीने जखमी झालेले जनावर त्याच्या डोक्यावरून झेप घेऊन गेले आणि रक्ताचे थेंब त्याच्या अंगावर उडाले. घरी पळून जाण्याचा मोह कोणालाही झाला असता. परंतु जखमी बिबट्या मागे सोडणे म्हणजे उद्या त्याच वाटेने जाणाऱ्या गवताच्या भारेकऱ्याच्या जिवाशी खेळ, हे त्या वयातही मुलाला कळत होते. रक्ताचा माग काढीत तो गेला आणि दुसऱ्या गोळीने त्याने ते काम पुरे केले.

शाळा सुटल्यावर वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास कॉर्बेट रेल्वेत नोकरीला लागले. बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेसाठी मोकामा घाट येथे गंगेच्या काठावर मालाची चढउतार करून घेण्याच्या कामात त्यांची दोन दशके गेली. नरभक्षकांच्या सुरुवातीच्या शिकारी त्यांनी केल्या त्या रजेच्या दिवसांत. त्यासाठी त्यांच्या दोन अटी असत. जनावराच्या शिरावर लावलेले सरकारी बक्षीस आधी मागे घ्यावे आणि इतर शिकाऱ्यांना त्या भागातून परत बोलवावे. पैशासाठी मारणारा म्हणवून घेणे त्यांना मान्य नव्हते आणि दुसऱ्याच्या चुकार गोळीला बळी पडण्याचीही त्यांची तयारी नव्हती.

१९०७ मधील चंपावतची वाघीण ही त्यांची पहिली नरभक्षक. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे तिने मारली, असे सांगितले जाते. हाक्याच्या वेळी कॉर्बेट यांच्याजवळ .५०० बोअरची रायफल आणि अवघी तीन काडतुसे होती. तिन्ही संपली तरी वाघीण उभीच होती. तेव्हा त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची जुनाट बंदूक मागून घेतली. तिच्या नळ्या आणि मागचा खटका यांत चक्क फट पडलेली होती. तीच त्यांनी झाडली. वाघीण कोसळल्यावर तपासले तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. कधीकाळी कोणीतरी मारलेल्या गोळीची ती खूण होती. नैसर्गिक भक्ष्य पकडणे अशक्य झाल्यावर ती माणसांकडे वळली होती. एका अनाम शिकाऱ्याचा हुकलेला नेम आणि त्यापायी शेकडो संसार उद्ध्वस्त, असा हा हिशेब होता.

सर्वच नरभक्षक माणसाच्या गोळीने घडतात असे मात्र नव्हे. मुक्तेसरच्या वाघिणीचा एक डोळा साळिंदराने घालवला होता आणि तिच्या अंगात सुमारे ५० काटे रुतलेले होते. तरीही अर्धवट जखम करून सोडून देणारी बंदूक हे एक मोठे कारण असल्याचे कॉर्बेट यांनी सतत बजावले.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी त्यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. जर्मन माउझर घडणीची ही हलकी रायफल म्हणजे कॉर्बेट यांची खरी सोबतीण. तिची गोळी सुमारे नऊ ग्रॅमची, तर त्यांच्याकडील जेफ्री कंपनीच्या .४५०/४०० दुनळी रायफलीची गोळी जवळजवळ २६ ग्रॅमची. वाघासमोर जड रायफलच हवी, हा तेव्हाचा रिवाज होता आणि जवळून अंगावर येणाऱ्या जनावरासाठी कॉर्बेटही दुनळी जवळ बाळगीत. पण डोंगर चढून दमलेल्या हातात न थरथरणारी आणि क्षणात वळवता येणारी रायफल त्यांना अनेकदा अधिक मोलाची वाटली.

११ एप्रिल १९३० रोजी चौगढच्या वाघिणीने याची परीक्षाच घेतली. नाल्यातील मोठ्या खडकाला वळसा घालताना वाघीण त्यांच्यापासून अवघ्या आठ फुटांवर दबा धरून बसलेली दिसली. त्यांच्या डाव्या हातात रातव्याची अंडी होती. रायफल उजव्या हातात, तीही आडवी. घाई केली असती तर वाघिणीने झेप घेतली असती. त्यांनी एकाच हाताने, इंच इंच सरकवीत नळी तिच्याकडे वळवली आणि चाप ओढला. जड दुनळी एका हाताने तशी फिरवणे जमले नसते.

आज अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत परवाना घेऊन एल्क या आपल्या सांबराहूनही मोठ्या हरणाची शिकार करणारे नवशिके पहिली रायफल घेताना बोअर किती असावा आणि दुर्बीण किती पटीची असावी, याचा खल करतात. सिंहलद्वीपातील इंग्रज तर आपल्या सांबरालाच एल्क म्हणत. कॉर्बेट यांच्या .२७५ इतक्या बोअरची, म्हणजेच सात मिलिमीटर माउझरची रायफल या कामासाठी अजूनही वापरली जाते. कॉर्बेट यांच्या काळी रायफलीवरच्या दुर्बिणी होत्या, परंतु दाट रानात आणि जवळच्या अंतरावर त्यांची मदार उघड्या डोळ्यांवर व कानांवर होती. दुर्बीण लांबचे जवळ आणते. थांबावे केव्हा, हे मात्र ती सांगत नाही.

रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत सरकारी नोंदीनुसार १२५ बळी घेतले. १९२१ मध्ये अलकनंदेच्या पुलावर दबा धरून बसलेल्या तरुण अधिकाऱ्यांपैकी एकाने त्याच्यावर गोळी झाडली होती. ती पायाला चाटून गेली आणि पुढे पाच वर्षे गढवालने तिची किंमत मोजली. मे १९२६ च्या आरंभी एका काळ्याकुट्ट रात्री कॉर्बेट गुलाबरायच्या आंब्यावर बसले होते. रायफलीला विजेरी बांधलेली होती. खाली बकरीच्या गळ्यातील घंटा वाजली, विजेरीचा झोत बिबट्याच्या खांद्यावर पडला आणि .२७५ चा एकच बार झाला. लगेच विजेरी मंद होऊन विझली. गोळी लागली की हुकली, हे कळण्यासाठी त्यांना उजाडेपर्यंत अंधारात बसून राहावे लागले. पहाटे थोड्या अंतरावरील खड्ड्यात बिबट्या मेलेला आढळला.

पुढे पुढे कॉर्बेट बंदुकीपेक्षा कॅमेऱ्यात अधिक रमू लागले. वाघांचे चलत्‌चित्रण करण्यासाठी ते तासन्‌तास बसत. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या देशातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानासाठी त्यांनी हिरिरीने प्रयत्न केले. नंतर त्याच उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. १९३८ मधील ठाकची वाघीण ही त्यांची शेवटची नरभक्षक. १९४४ मध्ये ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे त्यांचे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केले आणि ते जगभर पोहोचले. १९४७ च्या अखेरीस बहीण मॅगीसह ते केनियाला गेले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीसाठी रायफल निवडण्याचा प्रश्न उरलेला नाही, आणि ते योग्यच झाले. माणसाच्या जिवाला घातक ठरलेल्या बिबट्याला मारण्यासाठीही मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. तरीही आष्टीसारखा प्रसंग पुन्हा ओढवू शकतो. ऊस वाढला, गावे पसरली, बिबटे शेतात वसले. अशा वेळी कोणाच्या तरी हाती बंदूक द्यावीच लागेल. ती किती महागडी आहे, यापेक्षा ती धरणारा एकाच चांगल्या नळीवर शिकलेला आहे का, हे आधी पाहावे लागेल. कारण चुकलेली गोळी रानात हरवत नाही. ती कधीतरी, कोणाच्या तरी अंगणात परत येते.