होमी भाभा आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन

हैदराबादहून आकाशात सोडलेल्या संशोधन-बलूनची उपकरणे सोलापूर जिल्ह्यातही उतरू शकतात. म्हणून सापडल्यास हात लावू नका, अशी सूचना लोकांना दिली जाते. हे बलून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे. ती उभारणारे होमी भाभा आपल्याला अणुऊर्जेमुळे माहीत आहेत. पण त्यांचे तरुणपणीचे काम होते प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्यावर.

जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९. वडिलांची आणि आत्याचे यजमान दोराबजी टाटा यांची इच्छा होती की मुलाने इंजिनीअर होऊन जमशेदपूरचा पोलाद कारखाना सांभाळावा. केंब्रिजला गेलेल्या होमींचा जीव मात्र भौतिकशास्त्रात. आधी इंजिनीअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग पुढचे शिक्षण देतो, असे वडिलांशी ठरले. १९३० मध्ये तो मिळाला.

केंब्रिजमध्येच डिरॅक होते. त्यांच्या १९२८ च्या समीकरणातून इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे अंगभूत फिरकी, आपोआप निघत होता. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या अथांग साठ्यात पडलेली रिकामी जागा, असे चित्रही त्यांनी मांडले. १९३५ मध्ये भाभांनी या दोघांच्या टकरीचे गणित केले. दोघे एकमेकांना नुसते वळवत नाहीत; ते क्षणभर विरून प्रकाशकण होतात आणि त्यातून पुन्हा जोडी जन्मते, ही वाटही त्यांनी हिशेबात धरली. दोघांचे स्पिन मिळून एक होत असेल तरच ही वाट खुली; शून्य झाले की बंद. या टकरीला आज भाभा विकिरण म्हणतात.

१९३९ मध्ये युद्धामुळे ते भारतातच अडकले. बंगळुरूला रामन यांच्या विभागात त्यांनी कोणत्याही स्पिनच्या कणांसाठी समीकरणे रचली. ती फारशी चालली नाहीत. १९४५ मध्ये संस्था स्थापन झाली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरील विमान अपघातात ते गेले.

त्याच संस्थेत आता द्विमितीय पदार्थांचा अभ्यास चालतो. मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच पदर घ्या, जाडी एक नॅनोमीटरहूनही कमी. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन उडतो आणि मागे रिकामी जागा उरते, जवळपास डिरॅकच्या चित्रासारखीच. स्पिन त्या जागेला साजेसा असेल तरच इलेक्ट्रॉन सहज परततो आणि प्रकाश बाहेर पडतो. नाहीतर जोडी अंधारीच राहते. टंगस्टन डायसेलेनाइडच्या पदरातल्या अशा अंधाऱ्या जोड्या, पदराच्या पातळीत जोरदार चुंबकीय क्षेत्र लावले की उजळतात.