लंडनला परत जाण्यासाठी बाबासाहेबांनी पैसा कसा उभा केला?

कात्रज, धनकवडी, आंबेगाव या भागातल्या अनेक घरांत आज परदेशी शिक्षणाचा हिशेब मांडला जातो. कॉलेजची फी किती, खोलीचं भाडं किती, पौंडाचा भाव कुठे जाईल, कर्ज किती काढायचं आणि ते फेडायचं कसं. शंभर वर्षांपूर्वी हाच हिशेब एका तरुण प्राध्यापकाने परळच्या चाळीत बसून मांडला होता. तेव्हा बँकेचं शैक्षणिक कर्ज नव्हतं, घरची शेतीवाडी नव्हती आणि हातात वेळही मोजकाच होता.

त्या तरुणाचं नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेब परदेशात शिकले हे सगळ्यांना माहीत असतं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती हाही सर्वांना ठाऊक असलेला भाग. पण ती शिष्यवृत्ती लंडनचं शिक्षण पूर्ण होण्याआधीच संपली होती. अर्धवट राहिलेल्या पदव्या घ्यायला ते पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःच्या बचतीवर आणि मित्राकडून घेतलेल्या कर्जावर. ही गोष्ट त्या दुसऱ्या प्रवासाची आहे.

पुस्तकांसाठी दागिने गहाण

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोली आणि मग साताऱ्याला आलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचं नाव घातलं गेलं. पुढे कुटुंब मुंबईला गेलं आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागलं.

रामजींचं पेन्शन तुटपुंजं होतं, पण मुलाच्या पुस्तकांना त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. हातात पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात. कधी उसने पैसे घेत, तर कधी एखादा दागिना आणून गहाण ठेवत आणि पुढे सोडवून परत करत. शिक्षणासाठी काढलेलं कर्ज फेडायचंच असतं, हे भीमरावांनी घरातच पाहिलं.

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१२ मध्ये ते बी.ए. झाले. पुढच्याच वर्षी, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, रामजी वारले.

पहिला प्रवास : शिष्यवृत्तीचा

त्याच वर्षी बडोदा संस्थानाने त्यांना अमेरिकेत शिकायला पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची. बदल्यात एक करार करावा लागला : शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोद्याच्या सेवेत राहायचं.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये एम.ए. केलं आणि पीएच.डी.चा प्रबंधही लिहिला. आलेल्या पैशातून ते घरी काही रक्कम पाठवत आणि उरलेल्यात भागवत. चैन एकच, जुन्या पुस्तकांची. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे २००० पुस्तकं गोळा केली.

१९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव नोंदवलं. पण वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपल्याचं बडोद्याहून कळवण्यात आलं. अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. जाता जाता त्यांनी एक महत्त्वाचं काम केलं. अर्धवट अभ्यासक्रम पुढे सुरू करता यावा म्हणून लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांची सवलत मिळवली. ही मुदत ऑक्टोबर १९१७ पासून मोजायची होती.

म्हणजे घड्याळ सुरू झालं होतं.

खिशात जहाजाची भरपाई

ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान आणि पुस्तकं ज्या दुसऱ्या बोटीने येत होती, ती जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. त्या सामानाची सुमारे ६०० रुपये भरपाई मिळाली आणि तीच त्या दिवसांत उपयोगी पडली. त्यातलेच काही पैसे घरखर्चाला ठेवून ते बडोद्याला नोकरीवर गेले.

बडोद्यात काय झालं हे अनेकांनी वाचलेलं असेल. एवढ्या मोठ्या पदव्या घेऊन आलेल्या माणसाला राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही जमावाने हुसकावलं. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. काही दिवसांतच ते मुंबईला परतले.

आता नोकरीही नाही. त्यांनी शिकवण्या केल्या. शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. तो चालू लागला, पण सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाईकं येईनाशी झाली. लंडनची चार वर्षांची मुदत मात्र सरतच होती.

४५० रुपये पगार आणि सोळा महिने

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती नेमणूक मिळाली. पगार महिना ४५० रुपये. त्या काळात ही रक्कम मोठीच होती. इतका पगार असलेला माणूस सहज मोठ्या घरात राहायला गेला असता.

बाबासाहेब परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. पगारातली ठराविक रक्कम ते घरखर्चासाठी रमाबाईंच्या हाती देत. उरलेली लंडनसाठी बाजूला पडे. पगार वाढला तरी खर्च वाढू द्यायचा नाही, हा या बचतीचा पाया होता. तो टिकला तो रमाबाईंमुळे. प्राध्यापकाची बायको असूनही त्यांनी संसार पूर्वीसारखाच काटकसरीने चालवला.

कॉलेजात विद्यार्थी त्यांच्या तासाला गर्दी करत. काही सहकारी प्राध्यापकांनी मात्र त्यांनी सामाईक भांड्यातलं पाणी पिण्याला हरकत घेतली. ते शिकवत राहिले, कारण ही नोकरी म्हणजे लंडनचं तिकीट होतं.

साधा हिशेब करून पाहू. नोकरी मार्च १९२० पर्यंत चालली, म्हणजे सुमारे सोळा महिने. ४५० रुपयांनी सगळा पगार होतो ७२०० रुपये. घरखर्च वजा केला, तर एवढ्यावर लंडनमध्ये काही वर्षं काढणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी तीन वाटांनी पैसा जोडला. पहिली वाट स्वतःची बचत. दुसरी, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत. तिसरी, त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं ५००० रुपयांचं कर्ज.

या धावपळीतही त्यांचं सार्वजनिक काम थांबलं नव्हतं. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झालं आणि मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. विद्यापीठाची मुदत संपायला सव्वा वर्ष उरलं होतं.

रुपया घसरला, बजेट कोलमडलं

लंडनमध्ये त्यांनी खर्च अगदी तळाला आणला. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा किंवा बॉव्हरिलचा कप घेऊन ते बाहेर पडत. ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय उघडताच आत जाऊन बसत आणि बंद होईपर्यंत उठत नसत. इंडिया ऑफिसचं आणि विद्यापीठाचं ग्रंथालय हेही त्यांचे अड्डे होते. थंडीच्या शहरात ग्रंथालयाचा आणखी एक फायदा असे : तिथली ऊब फुकट मिळे. एका ओळखीच्या माणसाने पापडांचा गठ्ठा दिला होता. रात्री भूक लागली की चार पापड भाजायचे, कपभर दूध प्यायचं आणि पुन्हा वाचत बसायचं. खोलीतला सोबती झोपी जाई, यांचा दिवा चालूच असे.

पण काटकसरीने आवरता येणार नाही असा एक खर्च होता, तो म्हणजे विनिमयाचा दर. तेव्हा एक पौंड म्हणजे २० शिलिंग आणि एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स. १९२० मध्ये सरकारने रुपयाचा दर २ शिलिंग ठरवला. या दराने एका पौंडाला १० रुपये पडतात आणि ५००० रुपयांचे ५०० पौंड होतात. पण सरकारला तो दर टिकवता आला नाही. १९२१ उजाडेपर्यंत बाजारात रुपया १ शिलिंग ४ पेन्सच्या आसपास आला होता. आता एका पौंडाला १५ रुपये पडू लागले. त्याच ५००० रुपयांचे जेमतेम ३३३ पौंड. एक रुपयाही जास्त खर्च न करता तिसरा हिस्सा गेला.

परदेशी शिकणाऱ्याचा हिशेब बिघडतो तो नेमका इथे. बाबासाहेबांचाही बिघडला. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांना शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागावे लागले. इकडे मुंबईत रमाबाई ओढाताणीत दिवस काढत होत्या. या संसाराने बरंच सोसलं. पाच मुलांपैकी एकटा यशवंत जगला.

ज्याने अडवलं, त्यावरच प्रबंध

आता यातली सगळ्यात विलक्षण बाब. रुपयाच्या ज्या चढउतारांनी त्यांचं बजेट कोलमडलं, त्याच विषयावर ते त्या वेळी प्रबंध लिहीत होते. विषय होता रुपयाचा प्रश्न : त्याचा उगम आणि त्यावरचा उपाय.

जून १९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी. मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी डी.एस्सी.साठी रुपयावरचा प्रबंध सादर केला. बॅरिस्टरीही पूर्ण झाली. मधल्या काळात ते जर्मनीत बॉनलाही जाऊन आले. पण १९२३ च्या मार्चमध्ये अडचण आली. प्रबंधात ब्रिटिश धोरणावर केलेली टीका परीक्षकांना खटकली आणि काही भाग पुन्हा लिहायला सांगण्यात आलं.

आता लंडनमध्ये आणखी थांबायला पैसे नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. प्रबंधात दुरुस्त्या केल्या, पण निष्कर्ष तेच ठेवले आणि इथूनच तो परत पाठवला. तो मान्य झाला आणि त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षी लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने तो पुस्तकरूपाने छापला.

परतल्यावरचा हिशेब

पदव्या मिळाल्या, पण खिसा रिकामाच होता. वकिलीची सनद घ्यायलाही पैसे नव्हते. तेव्हा पुन्हा नवल भथेना मदतीला आले आणि वकिली सुरू झाली. १९२५ ते १९२८ या काळात जोडीला बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत शिकवून बाबासाहेबांनी मिळकतीला हातभार लावला.

जुन्या शिष्यवृत्तीचा कागदही पाठ सोडत नव्हता. दहा वर्षांच्या सेवेचा करार पूर्ण झाला नव्हता, म्हणून बडोदा संस्थानाने २०,४३४ रुपये परत मागितले. हे प्रकरण १९३२ मध्ये रक्कम माफ होऊन मिटलं. शिष्यवृत्ती घेताना सही केलेली अट किती वर्षं डोक्यावर राहू शकते, हे यातून कळतं.

रमाबाई २७ मे १९३५ रोजी वारल्या. ज्या काटकसरीवर लंडनचा दुसरा प्रवास उभा राहिला, तिच्यात त्यांचा वाटा निम्मा होता, पण कोणत्याही पदवीच्या कागदावर त्यांचं नाव नाही.

डिसेंबर १९२५ मध्ये भारताच्या चलनाचा विचार करण्यासाठी हिल्टन यंग आयोग बसला होता. त्याच्यासमोर साक्ष द्यायला डॉ. आंबेडकर गेले. रुपयाचा नुसता परदेशी दर सांभाळण्यापेक्षा देशातल्या माणसाच्या हातात त्या रुपयाची खरेदीची ताकद टिकली पाहिजे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. रुपयाची ताकद घटली की काय होतं, हे त्यांनी पुस्तकातही वाचलं होतं आणि लंडनच्या भाड्याच्या खोलीत भोगलंही होतं.

लंडनच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात ते १९२१-२२ मध्ये राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि आता तिथे त्यांचं स्मारक आहे.