सुवार्ता आणि वेतन

ख्रिस्ती मंडळीचा मूळ संदेश समजावयास कठीण नाही. माणूस आपल्या पुण्याईच्या बळावर देवापर्यंत पोहोचू शकत नाही; म्हणून देवच येशूच्या रूपाने माणसाकडे आला, वधस्तंभावर मेला, पुन्हा उठला, आणि त्यामुळे मिळणारी क्षमा सर्वांस विनामूल्य खुली आहे, एवढेच त्याचे सार. मराठी ख्रिस्ती समाज यास सुवार्ता म्हणतो. ज्याला ती लाभली त्याने ती दुसऱ्यास सांगावी, हे त्याचे कर्तव्य. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास या वस्तूचे नवल वाटावे. तिला किंमत नाही आणि ती वाटल्याने वाटणाऱ्याजवळची कमी होत नाही. परंतु ती पोहोचविण्याचा व्यवहार मात्र फुकट होत नाही. त्याला छापखाने लागतात, शाळा लागतात, आणि पगारी माणसे लागतात. जे फुकट आहे ते सांगणारा वेतन घेऊन सांगू लागला म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात संशय उभा राहतो. हा संशय आपल्याकडे जुना आहे, आणि तो आतून ज्याने पुरता अनुभवला असा मराठी माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

शाळेतल्या मुलांना टिळक ठाऊक असतात ते फुलामुलांचे कवी म्हणून. ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ करणाऱ्या पिढ्यांपैकी किती जणांना ते ख्रिस्ती पाळक होते हे ध्यानात राहिले असेल, याची शंकाच आहे. त्यांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन ब्राह्मण कुळातील. मातृसुख लहानपणीच संपले. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढची वर्षे भटकंतीची. नोकरी धरावी, सोडावी, पैसा हाती आला की देऊन टाकावा, असा एकंदर बाणा. या बाण्याचा भुर्दंड पत्नी लक्ष्मीबाई यांना किती पडला ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावयास नको.

या भटक्या माणसाच्या मनात एक विचार पक्का होता. देशाचा उत्कर्ष व्हावयाचा तर जातिभेद गेला पाहिजे, आणि त्यासाठी नव्या धर्माची उभारणी झाली पाहिजे. असा धर्म आपणच स्थापावा, इथवर त्यांची मजल गेली होती. 1893 साली नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात असता डब्यात त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा निघाल्या त्या संस्कृत काव्यावर. निरोपाच्या वेळी त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले. पण वाचण्याचा शब्द दिला होता म्हणून पुस्तक उघडले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले ते अडकलेच. या प्रसंगातील दैवी योगायोगावर भाविकांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्यात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या डब्यात देणाऱ्याला घेणाऱ्याचे नावगावही नीट ठाऊक नव्हते. हिशेबाच्या वहीत चढविता येईल असा त्यात काही व्यवहारच नव्हता.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या मंदिरात टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो देशी पाळकाच्या हातून व्हावा असा त्यांचा आग्रह होता व तो पाळला गेला. त्या काळी हे पाऊल म्हणजे आप्तइष्टांच्या लेखी मरणच. बाप्तिस्म्याने टिळकांच्या पदरात पडले ते नुकसान, हे प्रलोभनाचा आरोप करणाऱ्यांनीही मान्य करावे.

सर्वांत मोठे नुकसान घरातले. लक्ष्मीबाई मुलासह माहेरच्या माणसांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरास. हा विरह चार-पाच वर्षे चालला. नवऱ्याचा शब्द हाच कायदा असा तो काळ. टिळकांचा स्वभावही तापट. तरीही पत्नीवर त्यांनी धर्माची सक्ती केली नाही. पुढे त्या नवऱ्याजवळ येऊन राहिल्या, तेव्हाही त्यांचे सोवळेओवळे वेगळे होते आणि टिळकांनी ते वेगळेच राहू दिले. मग एके रात्री त्यांच्या मनात आपसूकच विचारांची साखळी सुरू झाली: देवाने माणूस निर्माण केला, जाती माणसानेच केल्या. दुसऱ्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यास त्या मोकळ्या झाल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रवचनांची खैरात करणाऱ्या टिळकांचे सर्वांत यशस्वी धर्मप्रसाराचे काम हे असे, गप्प बसून झालेले आहे.

बाहेरचे काम मात्र असे सरळ नव्हते. अमेरिकन मिशन मुंबईत 1813 मध्ये आले आणि नगरास त्याचे ठाणे 1831 मध्ये पडले. ‘ज्ञानोदय’ हे पत्र 1842 पासूनचे. या साऱ्याचा खर्च मुख्यतः समुद्रापलीकडील देणगीदारांच्या पैशातून चाले. ख्रिस्ती होणारा माणूस बहुधा दलित वस्तीतला. धर्मांतराने त्याचे गावकीतील हक्क धोक्यात येत. अशास मिशननेच शिक्षक वा उपदेशक म्हणून पगारावर घेणे ओघानेच आले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पण परिणाम असा झाला की सुवार्ता सांगणारा हा मिशनचा नोकर आणि गोरा मिशनरी हा त्याचा मालक, अशी रचना उभी राहिली. त्यातच 1896-97 आणि 1899-1900 चे भयंकर दुष्काळ आले. मिशनऱ्यांनी पोरक्या मुलांना आश्रय दिला, भुकेल्यांना काम दिले. टिळकांच्या घरीही अनाथ मुले वाढली. अन्न देणे हे त्या संदेशाचेच फळ होते. पण अन्न देणारा हात आणि बाप्तिस्मा देणारा हात एकच असल्याने भाकरीसाठी धर्म बदलला हा टोमणा कायमचा चिकटला. भुकेल्या माणसाच्या बाबतीत त्याची निवड कितपत स्वतंत्र, हा प्रश्न आमच्या शास्त्रातही सुटलेला नाही.

प्रश्न आजही शिळा नाही. राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदाने धर्माच्या प्रसाराचा हक्क दिला. ओरिसाने 1967 मध्ये व मध्य प्रदेशाने 1968 मध्ये बळ, फसवणूक व प्रलोभन यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. आणि 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही असा निर्णय दिला. कायदा प्रलोभनाची व्याख्या करू पाहतो. टिळकांनी प्रलोभनाचा संशयच उरू नये म्हणून काय करता येईल हे पाहिले, आणि ते स्वतःपासून सुरू केले.

प्रथम त्यांनी भाषा बदलली. मंडळीत तोवर पाश्चात्त्य चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांचे प्राबल्य होते. टिळकांनी अभंग आणि ओवी ख्रिस्ताच्या चरणी नेली, कीर्तनाला उभे राहिले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो हे ते मोकळेपणी मान्य करीत. मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची दोनशेंहून अधिक गीते आहेत. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, 1912 पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही आले. मिशनमध्ये त्यांचा मान मोठा होता, पगार नियमित होता. वयाच्या पन्नाशीनंतर माणसाने यात समाधान मानावे.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. भांडण झाले म्हणून नव्हे. अमेरिकन स्नेह्यांशी त्यांचा जिव्हाळा टिकून होता. संन्यस्त वृत्तीने, वेतनावाचून राहावयाचे, आणि देव देईल त्यावर संसार चालवावयाचा असे त्यांनी ठरविले. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणासही तेथे जागा होती, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. हे दुसरे कलम फार धाडसाचे होते. मिशनची वार्षिक इतिवृत्ते बाप्तिस्म्यांचे आकडे मोजीत, आणि दरबारात तो आकडाच निरर्थक ठरत होता. मंडळीतील अनेकांना ही शिथिलता वाटली. मंडळीची शिस्त, संस्कार, परस्परांची जबाबदारी यांवाचून केवळ भक्तांचा मेळा किती काळ टिकणार, हा त्यांचा आक्षेप चुकीचा म्हणता येणार नाही. टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ उभा राहिला नाही. वेतनाविना संस्था चालत नाही, हे व्यवहारी माणसाचे मत त्याने खरेच ठरविले. मिशनच्या शाळा आणि रुग्णालये मात्र चालत राहिली, आणि त्यांचा लाभ सर्व जातिधर्मांच्या लोकांना झाला, हेही नोंदविले पाहिजे.

परंतु टिळकांच्या गीतांचा हिशेब या खात्यात मांडता येत नाही. ती नगरच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून आजही टाळमृदंगावर म्हटली जातात. येशूचे चरित्र मराठी ओवीत सांगावे म्हणून ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभिले होते. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, आणि एके काळी नवऱ्याच्या ख्रिस्ताचे नाव निघताच दारे लावून घेणाऱ्या या बाईंनी साठाहून अधिक अध्याय रचले. 1936 मध्ये त्या वारल्या. ग्रंथ 1938 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तो सांगू लागणारा आणि पुरा करणारी, दोघेही हयात नव्हती.