वरसईचे विष्णुभट गोडसे : घरापासून काशीपर्यंत पायी

मंडळी, आषाढी जवळ आली की आपल्याकडे पायी दिंडीचा विषय निघतो. कुठल्या पार्कात जमायचे, गाड्या कुठे लावायच्या, साबुदाण्याची खिचडी कोणी करायची, यावर ईमेलींचा पाऊस पडतो. मागे एकदा मुलाकडे राहायला आलेल्या एका आजोबांनी सहज विचारले की दिंडीला गाडीने कशाला जायचे, घराच्या दारातूनच चालायला का लागत नाही? सगळे हसले. पण मला तेव्हा आठवण झाली ती विष्णुभट गोडसे यांची. आपल्यापैकी पुष्कळांनी "माझा प्रवास" हे नाव ऐकले असेल, काहींनी वाचलेही असेल. आज त्या पुस्तकामागच्या माणसाबद्दल थोडे.

विष्णुभटांचा जन्म १८२७ च्या सुमाराचा. गाव वरसई, पेणजवळ, आजच्या रायगड जिल्ह्यात. घर भिक्षुकाचे. वेदविद्या आणि याज्ञिकी एवढेच भांडवल, आणि पेशवाई गेल्यावर त्या भांडवलाला कोकणात फारसे गिऱ्हाईक उरले नव्हते. घरावर कर्ज होते. विष्णुभट तिशीला आलेले, संसार मांडलेला, आईवडील म्हातारपणाकडे झुकलेले. ही परिस्थिती आपल्याला फार अनोळखी वाटू नये.

अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत. दौलतराव शिंद्यांच्या या विधवा पत्नी म्हणजे दानधर्मात हात सैल असलेल्या. दूरदूरच्या ब्राह्मणांना बोलावणे होते. विष्णुभटांनी मनाशी हिशेब केला : दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, आणि तेवढ्या वाटेने गेल्यावर काशीही घडेल. मला हा माणूस आवडतो तो इथे. आपण केवळ पुण्यासाठी निघालो असा आव तो पुढेही कधी आणत नाही. पैसा हवा होता हे तो स्वच्छ लिहितो.

पण निघायचे म्हणजे आधी घरच्यांची परवानगी. वडील राजी नव्हते. मुलूख लांबचा, चालीरीती निराळ्या, भांगेसारखी व्यसने तिकडे फार, आणि रस्त्यात चोर. शिवाय थोरला मुलगा गेला तर घर कोणी पाहायचे? वडिलांचे समाधान करता करता बरेच दिवस गेले. अखेर रामभट काका बरोबर जातील असे ठरले, तेव्हा कुठे होकार मिळाला. व्हिसाच्या मुलाखतीपेक्षा ही मुलाखत अवघड होती, असे माझे मत आहे.

त्या काळी अशा प्रवासाची तयारी कशी करत, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. पहिली गरज सोबतीची. एकटा माणूस घाटात लुटला जाई, म्हणून ओळखीची जोडी किंवा व्यापाऱ्यांचा तांडा गाठायचा. मग मुहूर्त. मग वाटेवर कोण आप्त, कोण यजमान, कुठे धर्मशाळा, कुठल्या संस्थानात अन्नछत्र, याची तोंडी यादी. नकाशा नव्हता, पुढच्या गावात मागच्या गावाचे नाव सांगून वाट विचारायची. सामान किती, तर पाठीवर झेपेल तेवढेच : धोतरे, पंचा, पूजेचे साहित्य, थोडा शिधा, आणि तांब्या व दोर. दोर यासाठी की विहीर भेटली तरी पोहरा भेटेलच असे नाही. पावसाळ्यात नद्या अडवतात, म्हणून चार महिने कुठे मुक्काम करायचा याचाही आधी विचार लागे. झाशी वरसईहून हजार किलोमीटरच्या पलीकडे, काशी त्याहून लांब.

काका-पुतणे १८५७ च्या आरंभी निघाले. साल वाचूनच आपल्या पोटात गोळा येतो, पण त्यांना काय ठाऊक! पुणे करत, सातपुडा ओलांडून ते महूच्या बाजूला पोचले, तेव्हा वाटेत भेटलेल्या पलटणीच्या शिपायांकडून त्यांना काडतुसांची हकीकत आणि येऊ घातलेल्या बंडाची कुणकुण कळली. परतायचे की पुढे जायचे? घरी रिकाम्या हाताने कसे जायचे, हा विचार भीतीला भारी पडला असावा. ते पुढे गेले. मथुरेचा यज्ञ मग बाजूलाच राहिला.

माळव्यातून, ग्वाल्हेरहून ते झाशीला आले आणि तिथे त्यांचा चांगला जम बसला. राणी लक्ष्मीबाईंच्या पदरी विद्वानांना मान होता, धर्मकृत्ये चालत, दक्षिणा मिळे. राणीचा दिनक्रम, व्यायाम, घोड्यावरची बैठक, दरबार, हे सारे विष्णुभटांनी जवळून पाहिले आणि मनात साठवले. मराठीतून एका साध्या भिक्षुकाने पाहिलेली ही झाशी आहे. सरकारी कागदांतली झाशी निराळी.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहराला वेढा घातला. एप्रिलच्या सुरुवातीला तट पडला. राणी रात्रीतून निसटल्या. शहर मात्र निसटू शकले नाही. कत्तल झाली, आगी लागल्या, कित्येक दिवस लूट चालली. काका-पुतणे लपून जिवानिशी वाचले, पण झाशीत गाठीला बांधलेले सगळे गेले. त्या लुटीत राजवाड्यातला पोथ्यांचा संग्रह नष्ट झाला, आणि विष्णुभटांना त्याचे जे दुःख झाले ते वाचताना जाणवते. स्वतःच्या पैशांइतकीच त्यांना त्या पोथ्यांची हळहळ आहे.

यानंतरची एक आठवण तर महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी विष्णुभट असताना काही स्वार आले. त्यांत पठाणी वेषात, धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकूळ अशा राणी होत्या. विष्णुभट लगबगीने पाणी काढू लागले. राणींनी त्यांना थांबवले. विद्वान ब्राह्मणाकडून पाणी ओढून घेणे त्यांना योग्य वाटेना. त्यांनी स्वतः मडक्याने पाणी शेंदले आणि ओंजळीने प्यायल्या. थोड्याच आठवड्यांत, जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरला त्यांचा अंत झाला. मी हा प्रसंग कितीदा तरी वाचला आहे, तरी दर वेळी तिथे पान उलटायला वेळ लागतो.

आता कोणीही सरळ घराकडे तोंड वळवले असते. यज्ञ नाही, पैसा नाही, चहूकडे फौजा, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना वाटसरूचा संशय. पण विष्णुभट आणि काका चित्रकूट, अयोध्या, काशी अशी यात्रा करत राहिले. जे मिळवायला निघालो ते तर गेले, निदान काशी तरी घडावी, असे त्यांना वाटले असेल. वाटेत थोडेफार मिळत होते, पुन्हा हातचे जात होते.

परतीला त्यांच्याबरोबर गंगेच्या पाण्याची कावड होती. कावड म्हणजे खांद्यावर बांबू आणि दोन्ही टोकांना पाण्याची भांडी. तिचे सोवळे सांभाळावे लागते, रिवाजाप्रमाणे ती जमिनीवर टेकवत नाहीत. म्हणजे विसाव्यालासुद्धा झाडाची फांदी किंवा तिकाटणे शोधायचे. काशीहून पेण आजच्या रस्त्यानेही चौदाशे किलोमीटरच्या वर आहे. तेवढे अंतर, नद्या आणि घाट ओलांडत, पाणी न सांडता.

निघाल्यापासून तीनेक वर्षांनी ते वरसईला पोचले. हाती पैसा म्हणावा असा उरला नव्हता. आईवडील हयात होते. त्यांना त्या पाण्याने विष्णुभटांनी गंगास्नान घातले. ज्या आईवडिलांना सोडून जाताना एवढी ओढाताण झाली, त्यांना काशीला नेणे शक्य नव्हते, म्हणून काशीच घरी आली.

पुढे आयुष्य पुन्हा भिक्षुकीत गेले. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास त्यांनी या प्रवासाची हकीकत मोडीत लिहून काढली. पण राज्य इंग्रजांचे, आणि मजकूर हा असा. त्यामुळे ती विष्णुभटांच्या हयातीत छापली गेली नाही. वैद्यांनी १९०७ मध्ये पुस्तक काढले, तेही बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये दिली. वाचायची तर तीच वाचा. भाषा सुरुवातीला जड वाटेल, पण दहा पानांत जीभ वळते.

इथे वाढलेल्या मुलांसाठी मृणाल पांडे यांचा आणि प्रिया आडारकर व शांता गोखले यांचा, असे इंग्रजी अनुवाद आहेत. हिंदी येत असेल तर अमृतलाल नागरांचाही आहे. आमच्या घरी मराठी पुस्तक मी मोठ्याने वाचते आणि मुलगी भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या लावते. सध्या आम्ही महूपर्यंत आलो आहोत.