खडकवासल्याचा कॅडेट अरुण



माझा मुलगा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेल्यापासून आपल्या वर्गमित्रांचे फोन येतात. पोराला पाठवावं का, घरच्यांनी कशाची तयारी ठेवावी, असं विचारतात. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचं उत्तर एका मुलाच्या आयुष्यातून देतो. तो मुलगा म्हणजे परमवीरचक्र विजेता अरुण खेत्रपाल.

अरुणचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी आपल्या पुण्यातच झाला. वडील सैन्याच्या इंजिनिअर्स कोअरमध्ये अधिकारी, पुढे ब्रिगेडियर झाले. आजोबा-पणजोबाही फौजीच. शिक्षण सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये, म्हणजे घरापासून दूर राहायची सवय लहानपणीच लागलेली. जून १९६७ मध्ये तो खडकवासल्याला ३८व्या कोर्ससाठी दाखल झाला. वय सोळा, सतरावं अजून पूर्ण व्हायचं होतं. त्याला फॉक्सट्रॉट स्क्वॉड्रन मिळाली आणि पुढे तो तिचा कॅडेट कॅप्टन झाला.

तिथली तीन वर्षं म्हणजे सहा टर्म. पहिली टर्म सगळ्यात जड. पहाटेपासून ड्रिल, पीटी, पोहणं, धावणं आणि त्यावर कॉलेजचा अभ्यास. मुलगा सुट्टीत घरी येतो तेव्हा वाळलेला, रापलेला असतो, जेवतो भराभर आणि दुपारी आडवा होतो तो रात्रीच उठतो. आईचा जीव कासावीस होतो. आमच्याही घरी झाला. फोन कमी येतो, आला तरी बोलणं दोन मिनिटांचं. अरुणच्या काळी तर पत्राचाच आधार. दोन-तीन टर्मनंतर मात्र मुलगा स्थिरावतो आणि सवय करून घ्यायची पाळी घरच्यांवर येते.

खडकवासल्यानंतर लष्करात जाणाऱ्यांना एक वर्ष डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी. अरुण १३ जून १९७१ रोजी तिथून बाहेर पडला आणि सेकंड लेफ्टनंट म्हणून १७ पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये रुजू झाला. खांद्यावर तारा लागला की शिक्षण संपलं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. नव्या अधिकाऱ्याला आपल्या शाखेचा यंग ऑफिसर्स कोर्स करावा लागतो. रणगाडादलाचा हा कोर्स आपल्या नगरला होतो. अरुण तो करत असतानाच युद्धाचे ढग जमले आणि कोर्स अर्धवट सोडून त्याला रेजिमेंटमध्ये जावं लागलं.

१६ डिसेंबर १९७१. शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडे शत्रूच्या रणगाड्यांनी प्रतिहल्ला चढवला. अरुण मदतीला धावला. त्याचा 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन रणगाडा पेटला, मागे येण्याचा हुकूमही आला. पण तोफ अजून चालत होती, म्हणून तो हटला नाही. त्याने चार रणगाडे टिपले आणि तिथेच प्राण सोडला. वय एकवीस, अधिकारी होऊन सहा महिने. दुसऱ्या दिवशी युद्धबंदी झाली. घरचे त्याच्या परतण्याची वाट बघत असताना बातमी पोहोचली.

तीस वर्षांनी, २००१ मध्ये, एक्याऐंशी वर्षांचे वडील आपलं जन्मगाव बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले, त्या ब्रिगेडियर नासेर यांनीच निघायच्या आदल्या रात्री सांगितलं, की अरुण त्यांच्या हातून पडला. म्हाताऱ्या बापाने ते ऐकून घेतलं आणि यजमानाबद्दल मनात कडवटपणा ठेवला नाही.

म्हणून विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. वजन उतरेल, फोन कमी येतील, सणावाराला ताट रिकामं राहील, हे सगळं निभतं. पण फॉर्मवर पालक म्हणून सही करण्याआधी नवरा-बायकोने शांत बसून शेवटच्या शक्यतेचंही बोलून घ्यावं. आम्ही बोललो, मग सही केली. आज प्रबोधिनीच्या परेड ग्राउंडला खेत्रपालांचं नाव आहे. आमचा मुलगा रोज त्याच मैदानावर ड्रिल करतो.