खुर्ची सोडणारे अर्थमंत्री : रोह्याचे चिंतामणराव देशमुख

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत चिंतामणराव देशमुखांचे चरित्र कशाला, असे काही बांधव विचारतील. प्रश्न रास्त आहे. देशमुख ना आपल्या चळवळीतले, ना आपल्या समाजातले. पण पेण-रोह्यात नाक्यावर कुणालाही विचारा, रिझर्व बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर एवढं सांगतात आणि गप्प बसतात. त्यापुढचं आम्हाला सांगायचं आहे, कारण ते आम्हा गिरणी कामगारांच्या रक्ताशी जोडलेलं आहे.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी झाला. वडील वकील. लहानपण रोह्याला, कुंडलिकेच्या काठी गेले. १९१२ साली मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे केंब्रिजला गेले आणि १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेतही पहिले आले. शिकलेल्या घरात जन्म होणे ही त्या काळी केवढी सवलत होती, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्या पणजोबांना शाळेची पायरीही चढू देत नव्हते. पण मिळालेल्या सवलतीचं माणसाने पुढे काय केलं, हेही बघितलं पाहिजे.

१९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत देशमुख सचिव मंडळात कागदपत्रे सांभाळत होते. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्यांच्या हक्कांसाठी भांडत होते. एक सरकारी नोकर, दुसरे कोट्यवधींचे पुढारी.

ऑगस्ट १९४३ मध्ये देशमुख रिझर्व बँकेचे गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी, जुलै १९४४ मध्ये, अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. महायुद्ध अजून चालू होतं, पण युद्धानंतर जगाचा पैसा कसा चालायचा ते तिथे ठरलं. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी तिथूनच निघाले. डॉलर तिथेच जगाचा राजा झाला. भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते. युद्धासाठी भारतातून नेलेल्या मालापोटी इंग्लंड आपलं देणं लागत होतं. युद्ध संपता संपता ही रक्कम हजार कोटी रुपयांच्या वर गेली. मुंबईच्या गिरण्या रात्रंदिवस चालवून विणलेलं कापड त्यात होतं. १९४३ साली बंगालात माणसं भुकेने मरत असताना बाहेर गेलेला माल त्यात होता. ही रक्कम मोकळी होण्याची सोय नाणेनिधीत करा, अशी भारताची मागणी होती. इंग्लंड-अमेरिकेने ती मानली नाही. मात्र निधीत भारताचा वाटा ४० कोटी डॉलर ठरला, आणि पुढे रशिया बाहेर राहिल्यामुळे भारत पहिल्या पाचांत गेला.

१९५० साली देशमुख देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. म्हणजे रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं तेव्हा ते आपले खासदार होते. त्यांच्या कारकिर्दीत १९५१ साली अमेरिकेकडून गव्हासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले, आणि नेहरूंचे परराष्ट्र धोरण पसंत नाही म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने ते महिनोन्‌महिने रेंगाळत ठेवले. पहिली पंचवार्षिक योजना, १ जुलै १९५५ ची स्टेट बँक, १९ जानेवारी १९५६ चा आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम, ही सगळी त्यांच्याच काळातली कामे.

तो जानेवारी महिना मुंबईच्या कामगाराला मात्र वेगळ्याच कारणाने आठवतो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत मोर्चावर गोळीबार होऊन १५ माणसं पडली. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं रेडिओवरून जाहीर केलं. गिरणगाव पेटलं, पुन्हा गोळ्या चालल्या. या आंदोलनात शंभरावर हुतात्मे झाले, त्यांत कामगारच जास्त. आपल्या तालुक्यांतून पोटासाठी मुंबईला गेलेल्यांचा तोच गिरणगाव. याच हिवाळ्यात तिकडे अमेरिकेत माँटगोमेरी शहरातल्या काळ्या लोकांनी भेदभावाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकला होता आणि ती माणसं कामाला पायी जात होती. दोन्हीकडे कष्टकऱ्यांनीच रस्ता धरला होता.

देशमुखांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला. जुलै १९५६ मध्ये ते खरोखर बाहेर पडले. लोकसभेत उभं राहून त्यांनी मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता घेतल्याचा आरोप केला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी मागितली. नेहरूंनी आरोप मानला नाही. चौकशीही झाली नाही. पण दिल्लीतल्या एवढ्या मोठ्या मंत्र्याने मेलेल्या कामगारांचा हिशोब मागितला, हे गिरणगावाने लक्षात ठेवलं. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. तो लढणाऱ्यांनी मिळवला. देशमुखांच्या राजीनाम्याने त्यांना बळ आलं, इतकंच आम्ही म्हणतो.

पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पत्नी दुर्गाबाई घटना समितीच्या सदस्य होत्या. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर लढवली आणि हरले. ती वाट आम्हाला पटणारी नाही. राजीनाम्याला जानेवारीचा जुलै का झाला, असंही कुणी विचारू शकेल. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचं निधन झालं.

१९५१ साली बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडलं, ते आपल्या पोराबाळांना पाठ आहे. त्याच मंत्रिमंडळात बसलेल्या आपल्या जिल्ह्याच्या या माणसाने पाच वर्षांनी काय केलं, तेही त्यांना सांगावं. आणि रुपयाचा, बँकेचा, अंदाजपत्रकाचा विषय हा मोठ्या लोकांचा म्हणून सोडून देऊ नये. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरच ग्रंथ लिहिला होता. विहारात संध्याकाळी जमणाऱ्या मुलांनी वर्षातून एकदा तरी अंदाजपत्रक समोर ठेवून वाचावं, एवढी आमची विनंती आहे.

जयभीम.