संत जोसेफ वाझ : मंदिरावांचून मंडळी सांभाळणारे धर्मगुरु

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं परमेश्वराचे उपकार स्मरतांना आमच्या मनांत आनंदाबरोबर एक चिंताहि आहे. पालघर व बोईसर-तारापूर हा टापू पूर्वीं शेती, बागायत व मासेमारी यांवर निर्वाह करणाऱ्यांचा. १९६९ सालीं तारापूरचें अणुवीजकेंद्र सुरू झालें, औद्योगिक वसाहत वाढली, आणि वसई, केरळ, तामिळनाडू, झारखंड अशा ठिकाणचे भाविक पोटापाण्यासाठीं येथें येऊन राहिले. पाड्यापाड्यांतील आमचे आदिवासी बांधव त्यांच्या जोडीला आहेतच. देवाचीं माणसें वाढलीं. भिंती मात्र होत्या तेथेंच राहिल्या. रविवारीं कित्येकांस ओसरीवर उभें राहून मिस्सा ऐकावी लागते, आणि नाताळच्या रात्रीं मांडवहि अपुरा पडतो. अशा समयीं, ज्यांना मंदिर नव्हतें, मांडव नव्हता, आणि तरीहि ज्यांचा कळप वाढतच गेला, त्या संत जोसेफ वाझ यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें आम्हांस उचित वाटतें.

वाझ यांचा जन्म गोव्यांतील बाणावली गांवीं २१ एप्रिल १६५१ रोजीं झाला. त्यांचें घराणें सांकवाळचें. गोव्याच्या राजधानींत जेझुइट व डॉमिनिकन गुरुजनांपाशीं विद्याभ्यास करून १६७६ सालीं त्यांनीं गुरुदीक्षा घेतली, व पुढल्याच वर्षीं पवित्र मरियेचा आजन्म दास म्हणून स्वतःस वाहून घेतलें. १६८१ पासून तीन वर्षें त्यांनीं कानडा प्रांतांत मंगळूर, बसरूर, गंगोळी इत्यादि ठिकाणीं विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांची सेवा केली. तेथें लहान शाळा काढल्या व भाविकांचीं मंडळें स्थापिलीं. १६८५ सालीं ते जुन्या गोव्यांतील गोमंतकीय धर्मगुरूंच्या ऑरेटरी संघांत प्रविष्ट झाले व लवकरच त्याचे प्रमुख निवडले गेले. परंतु त्यांचें चित्त सिंहलद्वीपाकडे लागलें होतें.

त्या बेटावरील पोर्तुगीज सत्ता १६५८ सालीं संपली व किनाऱ्यावर डच लोकांचा अंमल बसला. कॅथॉलिक उपासनेस बंदी झाली, धर्मगुरूंना हद्दपार करण्यांत आलें, आणि त्यांना आश्रय देणाऱ्यास देहदंडाचा धाक घातला गेला. जुनीं मंदिरें परक्या पंथाच्या हातीं गेलीं. सुमारें तीस वर्षें तेथील भाविक संस्कारांवांचून राहिले. हें ऐकून वाझ यांनीं प्रमुखपद सोडलें आणि १६८६ सालीं ते गोव्यांतून निघाले. मजुराच्या वेषांत ते १६८७ सालीं जाफना येथें उतरले, तों पोटाच्या विकारानें मरणोन्मुख झाले. थोडें बरें वाटतांच गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत फिरूं लागले. त्या माळेवरून ज्याचे डोळे पाणावतील तो आपला, असा त्यांचा हिशेब. अखेर एका कुटुंबानें ती खूण ओळखली, आणि सिल्लालै या गांवीं त्यांना गुप्त ठिकाण मिळालें.

आतां खरी अडचण उभी राहिली. धर्मगुरु आल्याची वार्ता कानोकानीं पसरतांच आजूबाजूच्या गांवांतून लोक येऊं लागले. मंदिर तर नव्हतेंच. आणि गर्दी हेंच मोठें संकट, कारण जेथें लोक जमले तेथें पहारेकऱ्यांची दृष्टि वळावयाची. वाझ यांनीं लोकांना परत पाठविलें नाहीं. त्यांनीं मंडळी वांटून घेतली. आज या घरीं, उद्यां दुसऱ्या वस्तींत, असा क्रम ठेवून रात्रीं कुमसार ऐकावे, बाप्तिस्मा द्यावा, मिस्सा अर्पावी, आणि पहाट होण्यापूर्वीं स्थळ सोडावें, अशी त्यांची रीत असे. १६८९ सालच्या नाताळांत मिस्सेसाठीं जमलेल्या भाविकांवर डच शिपायांनीं छापा घातला; कित्येकांना पकडून शिक्षा देण्यांत आल्या. धर्मगुरु मात्र हातीं लागले नाहींत. पुढें ते कँडीच्या राजाच्या हद्दींतील पुत्तळम येथें गेले.

ते निघून गेले तरी मंडळी विस्कळित झाली नाही, याचें कारण त्यांची व्यवस्था. जेथें जेथें ते जात, तेथें एखाद्या विश्वासू प्रापंचिक गृहस्थास पुढारी नेमीत. रविवारीं प्रार्थना चालविणें, मुलांना धर्मतत्त्वें शिकविणें, मरणासन्न बालकास बाप्तिस्मा देणें, आजारी व भांडणतंट्यांत सांपडलेल्यांची वर्दी धर्मगुरूंस पोंचविणें, हीं कामें त्याच्याकडे असत. तामिळ भागांत अशांना अण्णावी व मुप्पू म्हणत. याकरितां वाझ यांनीं तामिळ व सिंहली या दोन्ही भाषा शिकून घेतल्या व त्यांत प्रार्थना तयार केल्या. वर्षांतून एकदां जरी धर्मगुरूंचें पाऊल लागलें, तरी उरलेले सर्व रविवार सुने जात नसत.

१६९२ सालीं ते कँडीस गेले असतां पोर्तुगिजांचे हेर म्हणून त्यांना कैद करण्यांत आलें. त्या बंदिवासांतच त्यांनीं एक लहान झोंपडी उभारली, तींत वेदी मांडली, आणि तेंच त्या नगरांतील भाविकांचें मंदिर झालें. पुढें अवर्षण पडलें असतां त्यांच्या प्रार्थनेनें पाऊस आला, अशी परंपरा आहे. राजा विमलधर्मसूर्य याची मर्जी बसली व त्यांना धर्मकार्याची मोकळीक मिळाली. १६९६ सालीं गोव्याहून पहिले साहाय्यक धर्मगुरु आले. दुसऱ्याच वर्षीं देवीच्या साथीनें कँडी ओस पडूं लागली, तेव्हां टाकून दिलेल्या रोग्यांना वाझ व त्यांच्या सहकाऱ्यानें आपल्या हातांनीं जेवूं घातलें, धुतलें व पुरलें. ते पुन्हा गोव्यास परतले नाहींत. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें त्यांनीं देह ठेवला. तेव्हां त्या बेटावर सुमारें ७०,००० कॅथॉलिक होते, अशी गणना चरित्रकार देतात. त्यांच्या थडग्याची जागाहि आज निश्चित दाखवितां येत नाहीं. १९९५ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांना धन्यवादित घोषित केलें, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं कोलंबोच्या समुद्रतीरावरील उघड्या मैदानांत, लक्षावधि भाविकांसमक्ष, पोप फ्रान्सिस यांनीं त्यांना संतपद दिलें.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावें? मोठें मंदिर बांधण्याचा संकल्प सोडावा, असें आमचें म्हणणें नाहीं. दगडी मंदिर हें देवाच्या गौरवाला शोभणारेंच आहे. परंतु वसईच्या किल्ल्यांतील भव्य मंदिरें १७३९ नंतर ओसाड झालीं, तरी वसईची ख्रिस्ती मंडळी टिकली. यावरून आधीं काय सांभाळावयाचें तें समजतें. जो ओसरीवर उभा राहतो तो आज उभा आहे. पण त्याची कोणी विचारपूस केली नाहीं, तर उद्यां तो घरींच बसेल, आणि आमच्या ध्यानींहि येणार नाहीं. हा तोटा जागेच्या तोट्याहून मोठा आहे.

म्हणून प्रत्येक वसाहतींत व प्रत्येक पाड्यावर एखाद्या कुटुंबानें अण्णावीचें काम पत्करावें. शेजारच्या घरांस जपमाळेसाठीं एकत्र करावें. कोण आजारी, कोण नवा आला, कोण येईनासा झाला, याची वर्दी आम्हांस द्यावी. ज्यांना पहाटेच्या मिस्सेस येणें शक्य आहे त्यांनीं नंतरची जागा रात्रपाळी करून येणाऱ्या कामगारास मोकळी ठेवावी. तरुणांनीं वृद्धांस व कडेवर मूल असलेल्या मातांस बसावयास द्यावें. इतकें झालें तर भिंती उभ्या राहीपर्यंत कळपांतील एकहि मेंढरूं हरवणार नाहीं.

संत जोसेफ वाझ यांच्या विनंतीनें प्रभु आमच्या धर्मग्रामास मंदिर देवो, आणि त्याआधीं परस्परांस जागा देणारीं अंतःकरणें देवो.